खंडेनवमीचा शर्ट

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तोपर्यंत कारखान्यातली शेवटची कात्री बांधून झाली होती.

१९९४ सालची खंडेनवमी. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या बारटक्क्यांच्या जीन्सच्या कारखान्यात बावीस मशिनींच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या. कटिंगच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर ओळीने सात कात्र्या, विजेचा कटर, चार टेप, सुयांची पाकिटं, खडूचा डबा. प्रत्येक कात्रीच्या पात्यांना लाल दोऱ्याचे तीन वेढे आणि वर गाठ. गाठ मारण्याचा मान घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या गोजरबाईंचा. ती सोडायचीही त्यांनीच, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला, उत्तरपूजा झाल्यावर. मधल्या वेळात या घरात हत्यार चालत नसे. बाळाजी शिंप्याने अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ पहिलं मशीन मांडलं त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात नवमीला हत्यार एकदाही चाललं नव्हतं.

फोन बाळाजीच्या नातवाने घेतला. गुरुदत्त पस्तीस वर्षांचा होता आणि बारा वर्षं काचेच्या केबिनमध्ये बसत होता.

"हां परसूसेठ, बोला... आज?... नाही नाही, लक्षात आहे की. चार वाजता... समोर कापून?... हो, का नाही. या ना."

रिसीव्हर ठेवून तो काचेतून बाहेर बघत राहिला. टेबलावर गोजरबाई हळद-कुंकू वाहत होत्या.

चूक त्याची होती आणि ती त्याला त्याच क्षणी कळली. तीन आठवड्यांपूर्वी परसराम लुल्लाने दिवस विचारला होता. लुल्ला कॅम्प तीनमध्ये वाढलेला, आता अंधेरीत ऑफिस असलेला एक्स्पोर्टर. आज रात्रीच्या विमानाने तो जर्मनीला जाणार होता. गुरुदत्तने डायरी उघडली होती. दसरा लाल छापलेला होता. त्याने सांगून टाकलं होतं, दसऱ्याला बंद असतं सेठ, आदल्या दिवशी या. दरवर्षी कात्र्या बांधायच्या वेळी तो पेढे आणायला गेलेला असायचा. बंद असतं ते आदल्या दिवशी, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

तो बाहेर आला.

"आत्या, एक कात्री सोडा. एकच. तासाभराचं काम आहे, मग परत बांधा."

"पेढे आणलेस का?" गोजरबाईंनी विचारलं.

"मी काय बोलतोय?"

"ऐकलं. पेढे आणलेस का?"

खिडकीजवळच्या स्टुलावर भगवंतमास्तर बसले होते. गुरुदत्तचे वडील, वय एकसष्ट, पावणेसहा फूट उंच, कारखान्याचे कटिंग मास्तर. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लुल्लाला तू आज बोलावलंस?"

"दसऱ्याला बंद असतं म्हणून, आप्पा."

"दसऱ्याला दुपारनंतर चालू असतं. बंद आज असतं."

"डायरीत दसरा लाल आहे. नवमी काळी."

"डायरी कुणाची?"

"बँकेची."

"मग बँकेला शिवायला बसव."

दारात नवी लुगडी नेसून प्रसादाला आलेल्या कामगार बायका हसल्या. गुरुदत्त हसला नाही. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मुलीकडे बघत होता. चोवीस वर्षांची सरस्वती, घरात सरू, त्याच्या वारलेल्या काकांची, हरिचंद्रची मुलगी. लुल्ला येत होता तो तिच्या शर्टासाठी.

*

सरू येण्यापूर्वी या कारखान्यात डिझाईन म्हणजे उसवणं होतं. गुरुदत्त मुंबईहून एखादी परदेशी जीन्स आणायचा, रात्रीतून तिची शिवण उसवायचा, सुटे भाग खाकी कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायचा. सकाळी तो कागद भगवंतमास्तरांच्या टेबलावर. ज्याने उसवलं तो डिझायनर. कापड किती वाया जातं हे बघणं डिझायनरचं काम नव्हतं.

सरूने मुंबईत दोन वर्षांचा कोर्स केला आणि दहा महिन्यांपूर्वी ती कारखान्यात आली. पहिले पंधरा दिवस तिने काहीच काढलं नाही. रोज संध्याकाळी ती चिंधी तोलायची. शंभर मीटर कापड टेबलावर पसरलं की पंधरा मीटरच्या आसपास तुकडे होऊन पोत्यात जातं, हा तिचा पहिला शोध. ती पोती कॅम्पातल्याच जीन्स धुऊन देणाऱ्या एका वॉशिंगवाल्याच्या भट्टीत जळतात, हे सगळ्यांना माहीत होतं. गोजरबाईंनी गच्चीवर घातलेल्या कुरडयांवर निळी राख बसायची आणि गोजरबाई वॉशिंगवाल्याच्या नावाने रोज सकाळी बोटं मोडायच्या. ती राख आपल्याच कापडाची, हे त्यांना सरूने सांगितलं. तेव्हापासून त्या गप्प राहून मोडायच्या.

सहा महिने खपून सरूने एक शर्ट काढला. बाहीचा फुगीर भाग पाठीच्या खोलगट भागात बरोबर बसेल, कॉलर दोन पुढच्या भागांच्या मधून निघेल, अशी मांडणी. कागदावर बोटभरही जागा उरत नव्हती. लुल्लाला कागद आवडला. जर्मनीतला दुकानदार आता विचारू लागला होता, रंग कुठला वापरता, पाणी कुठे सोडता, फेकता किती. पण लुल्ला कॅम्पात वाढलेला माणूस होता. कागदावर त्याचा विश्वास नव्हता. "मेरे सामने कापा," तो म्हणाला होता, "चिंधी नाही उरली तर मी तिकडे बोलेन."

गुरुदत्तने तेव्हाच सरूला सांगितलं होतं. ऑर्डर आली तर हे टेबल तुझं. नाही आली तर इथे जुनंच चालणार. बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीचं पत्र तिच्याकडे आलेलं होतं, डिझायनरची जागा, उत्तर वीस ऑक्टोबरपर्यंत. नाही आली तर तू खुशाल जा, मी अडवणार नाही, असं तो म्हणाला होता. अडवणार नाही हे त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं. तिला ते चांगलं वाटलं नव्हतं. तिला जायचं नव्हतं.

आता ती टेबलावर काहीतरी शोधत होती.

"आत्या, माझी वही?"

"ती काय, कटरच्या शेजारी." गोजरबाईंनी बोट दाखवलं. "आणि ते तुझं वाकडं लाकूडही ठेवलंय."

गोलाई काढायची लाकडी पट्टी आणि चित्रांची वही, दोन्ही ओळीत होत्या. दोन्हींवर हळद-कुंकू, दोन्हींना लाल दोरा. वहीला तीन वेढे.

"माझी वही कशाला बांधलीत?"

"तुझं हत्यार तेच ना? आमच्या घरात हत्यार बिनपूजेचं ठेवत नाहीत."

सरूने वहीच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. दहा महिन्यांत तिच्या वहीला कुणी हत्यार म्हटलेलं नव्हतं. भगवंतमास्तर तर 'रंगकाम' म्हणायचे. आज तिचं हत्यार पहिल्यांदा ओळीत बसलं होतं आणि नेमकं आजच तिला ते उघडायचं होतं.

*

पावणेदहाला वाद सुरू झाला. गुरुदत्त एकीकडे, बाकी सगळे एकीकडे, असा तो सुरू झाला आणि दहाच मिनिटांत बाजू बदलल्या.

"बरं," गोजरबाई अचानक म्हणाल्या. "मी सोडते गाठ."

"अक्का!" भगवंतमास्तर उठले.

"हरिचंद्राची एकुलती एक पोर आहे. बंगळूर म्हणजे काय अंबरनाथ आहे का, रिक्षाने परत यायला? देवीला मी समजावीन. बाईचं बाईला कळतं."

"सोडायची नाही."

"तू कधीपासून देव मानायला लागलास?"

"देवाचं बोलत नाही मी." मास्तरांनी दाराकडे मान वळवली. दारातल्या बायकांत सगळ्यांत पुढे तुळशी होती, बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणारी, कारखान्यातली सगळ्यांत जुनी कारागीर. "ह्यांना आज सुट्टी का आहे? मालकाने दिली म्हणून नाही. कात्री बांधलीय म्हणून. वर्षातून एक दिवस ती मालकाचंही ऐकत नाही. आज सोडलीस तर पुढच्या वर्षी ऑर्डर असेल, त्याच्या पुढच्या वर्षी अर्जंट ऑर्डर असेल. मग नवमी राहील फक्त पेढ्यांपुरती."

"ते पण अजून आले नाहीत," तुळशी म्हणाली.

"आणतो!" गुरुदत्त ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे आप्पा, तुमचं म्हणणं, हिने बंगळूरला जायचं."

आपली पुतणी आठ दिवसांत निघून जाऊ शकते, हे मास्तरांना माहीत होतं. ते कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं नव्हतं. शिवाय त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी सहा महिने गिळून ठेवली होती. ती आता बाहेर पडली, नको त्या वेळी.

"कात्री सोडूनही उपयोग नाही. हिचा शर्ट कापला तरी चिंधी उरणार."

"कागदावर तर उरत नाही, काका," सरू म्हणाली.

"कागदावर एक थर असतो. टेबलावर चाळीस. वळणावर कटर हलतो, खालच्या थराला पाव इंच इकडे, वरच्याला पाव इंच तिकडे. तुझ्या दोन भागांमध्ये जागाच नाही, मग हलला की दोन्ही भाग गेले. तो लुल्ला एक थर बघेल आणि खूष होईल. फसेल नंतर. आपणही फसू."

"हे आत्ता सांगताय?"

"तू कधी विचारलंस? वही घेऊन यायचीस, हे असं, हे तसं. टेबलाशी उभी राहिलीस का एक दिवस?"

सरूचा चेहरा उतरला. गोजरबाईंनी भावाकडे असं बघितलं की त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"गोलाई नकोच होती मुळात," ते जरा नरमाईने म्हणाले. "आमच्या वडलांकडे पहिली दोन वर्षं एक कात्री होती, तीही बोथट. चोळीचा खण निम्मा ते हाताने फाडायचे. एका खणात एक चोळी. बोटाएवढा तुकडा उरला तर बाईच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, माझं चुकलं. त्यांच्या चोळीला कुठे गोल नव्हतं."

"मग बगलेत? हात वर केला की ओढ बसणार."

"बगलेत चौकोन घालायचा, तिरका. त्याच्यावर हात फिरतो."

सरू थांबली. तिने टेबलाकडे बघितलं, मग मास्तरांच्या हातांकडे.

"काका, सगळं सरळ असेल तर सगळंच फाडता येईल?"

"कापड साधं विणलेलं असेल तर येईल. जीन्सचं जाड नाही फाटत नीट. शर्टाचं पातळ..." मास्तर बोलता बोलता थांबले.

सगळ्यांनी गोजरबाईंकडे पाहिलं. निकाल त्यांचा होता. त्यांनी टेबलावरच्या ओळीवरून एकदा नजर फिरवली, जणू यादी तपासत होत्या.

"हात काही मी पूजेला बसवलेले नाहीत," त्या म्हणाल्या.

*

दहा ते दीड, साडेतीन तास. वही बांधलेली, पट्टी बांधलेली, टेप बांधलेला. सरूने केबिनमधून कालची वर्तमानपत्रं आणली आणि जमिनीवर बसून फाडायला लागली. तुळशीने बाकीच्या बायकांना प्रसाद देऊन वाटेला लावलं आणि स्वतः थांबली. गुरुदत्त पेढे घेऊन आला आणि कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही असं बघून त्याने स्वतःच दोन खाल्ले.

माप हा पहिला प्रश्न होता. भगवंतमास्तरांनी हात पसरला.

"माझी वीत नऊ इंच. टेपपेक्षा कमी वेळा चुकलीय."

"पाठ चोवीस हवी."

"तीन वीत घे आणि तीन इंच सोड." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. "हे एक इंच."

पहिला कागदी शर्ट तीस मिनिटांत झाला आणि त्यात खिसा राहून गेला. दुसऱ्यात बाह्या आखूड पडल्या. तिसऱ्यात सरूने पन्ह्याच्या अठ्ठावन्न इंचांत पाठ आणि दोन पुढचे भाग लावले, आठ इंचांची पट्टी उरली, आणि ती पट्टी बघत बसली.

"उरली," गुरुदत्त म्हणाला.

"थांब दादा."

तिने पट्टीची घडी घातली. एक टोक दोन बगलांना गेलं, मधला लांब भाग कॉलरला. शेवटी आठ इंचांचा चौकोन हातात राहिला. तिने तो गुरुदत्तच्या छातीवर ठेवला.

"खिसा," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि ते लपवायला ते लगेच खोकले.

बाह्यांच्या पट्ट्यातूनही असाच एक तुकडा उरला. त्याचे चार झाले, दोन मनगटांना, दोन खांद्यांना आतून. तेरा तुकडे, बावन्न इंच लांबी. सरूने दोनदा मोजले. मग मास्तरांनी मोजले. मग तुळशीने, कुणी न सांगता.

"पण कड?" मास्तरांनी विचारलं. "फाडलेल्या कडेला धागे सुटतात. सगळी आत दुमडायची तर माप कमी होईल."

"खालची कड दुमडायचीच नाही. धागे दिसू द्यायचे."

"काय?"

"तशीच ठेवायची. एक शिलाई मारून थांबवायची. ती कड म्हणजेच डिझाईन, काका."

"शिंप्याच्या घरातला शर्ट आणि कड उघडी? लोक म्हणतील, मास्तर मध्येच जेवायला उठले."

"जर्मनीत नाही म्हणणार."

"अंबरनाथला म्हणतील. मला तिथं राहायचंय."

गोजरबाईंनी यात पडायला नकार दिला. शेवटी ठरलं ते असं की खालची कड उघडी, कॉलर आणि मनगटं दुमडलेली. मास्तरांनी हे मान्य केलं, पण आपण मान्य केलं असं कुठेही बोलायचं नाही या अटीवर.

अडीच वाजता त्यांनी पातळ निळ्या कापडाचा तागा काढला आणि एकदा करून बघितलं. तेव्हा कळलं की ताग्याचं टोक तिरकं आहे. मागे कधीतरी कुणीतरी घाईत कात्रीने तिरकं कापलेलं. त्या कापलेल्या टोकापासून कापड सहज, धाग्याला धरून सरळ फाटलं आणि टोकाला एक लांब तिकोनी तुकडा उरला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चिंधी होती.

गुरुदत्तने ती उचलली आणि पँटच्या खिशात घातली.

*

परसराम लुल्ला चार वाजून दहा मिनिटांनी आला. पांढरी सफारी, हातात ब्रीफकेस, कपाळावर घाम. आत आल्यावर त्याने चपला काढल्या, टेबलावरच्या कात्र्यांना नमस्कार केला आणि मग त्यांच्या दोऱ्यांकडे बघत राहिला.

"साईं, ये तो सब बांधलंय."

"खंडेनवमी आहे, सेठ," गुरुदत्त म्हणाला.

"तो मुझे आज क्यूँ बुलाया?"

उत्तर गोजरबाईंनी दिलं. "बँकेला विचारा." त्यांनी सेठच्या हातावर पेढा ठेवला.

दुसऱ्या, रिकाम्या टेबलावर तागा तयार होता. टोक आता सरळ होतं. मास्तरांनी वीत मांडली, पेर मोजलं आणि कडेवर नखाने खूण केली. पण ताग्याच्या मध्ये फाडायला सुरुवात करायची तर कडेला छोटी चीर लागते. निळ्या कापडाची ती काठाची वीण घट्ट होती. मास्तरांनी कापड तोंडाशी नेलं आणि थांबले. त्यांची कवळी गेल्या वर्षीची होती.

"आण इकडे," गोजरबाई म्हणाल्या.

त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. त्यांनी काठ दाढेत धरला, मान झटकली आणि चीर पडली. सेठ पेढा तोंडात तसाच धरून बघत होता.

एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला तुळशी. दोघांनी एकदम ओढलं. कापड कर्र करत अठ्ठावन्न इंच आडवं फाटलं, आणि रेघ अशी सरळ आली की सेठने बोट फिरवून पाहिलं.

"पुन्हा," तो म्हणाला.

आठ वेळा चीर, आठ वेळा दात. पुढचं हातानेच झालं. शेवटचा चौकोन सरूने स्वतः फाडला. तेरा तुकडे टेबलावर रांगेत. सेठ खाली वाकला, टेबलाखाली बघितलं, तुळशीच्या पायाशी बघितलं. धाग्यांची दोन-तीन वेटोळी होती, बाकी काही नव्हतं.

"आणि हे?" त्याने गुरुदत्तच्या खिशाकडे बोट केलं. तिथून निळं टोक बाहेर आलं होतं.

गुरुदत्तने हात खिशावर ठेवला. "रुमाल आहे, सेठ."

"दादा, काढ," सरू म्हणाली.

"सरू..."

"काढ ना."

तो तुकडा टेबलावर आला. सरूने तो सेठसमोर सरळ केला. "ही चिंधी आहे. ताग्याचं टोक आम्हीच मागे तिरकं कापलं होतं, त्याची. प्रत्येक ताग्याला एकदा निघेल, सुरुवातीला. प्रत्येक शर्टाला निघणार नाही. तुम्ही जर्मनीत सांगाल तेव्हा हे पण सांगा."

सेठने तिच्याकडे बघितलं, मग तुकड्याकडे, मग गुरुदत्तकडे. "रुमाल," तो म्हणाला आणि हसायला लागला. मोठ्याने, सगळं पोट हलवत. "साईं, तुझी बहीण तुला बिझनेस शिकवील. अच्छा, अब शर्ट दिखाओ."

मशिनींच्या गळ्यात माळा होत्या. सुया पाकिटात, पाकिटाला दोरा.

"टाचण्या?" सेठने आशेने विचारलं.

"त्याही बसल्यात," गोजरबाई म्हणाल्या.

सरूने गुरुदत्तच्या दंडाला धरलं. "दादा, इथे उभा राहा. हात पसर."

त्यानंतर जे झालं ते गुरुदत्तने पुढे कुणालाही स्वतःहून सांगितलं नाही. तो कारखान्याच्या मधोमध हात पसरून उभा होता. पाठीचा तुकडा त्याच्या पाठीला धरून त्याचे वडील मागे उभे होते. पुढचे दोन भाग सरूच्या दोन मुठीत. एक बाही तुळशीने धरलेली, दुसरी आत्यांनी. बगलेतला तिरका चौकोन आत्या दोन बोटांनी वर दाबत होत्या आणि त्याला गुदगुल्या होत होत्या.

"हलू नकोस."

"आत्या, प्लीज."

"लहानपणीही असाच होतास. झबलं घालताना घर डोक्यावर घ्यायचास."

"हात वर कर, दादा," सरू म्हणाली. त्याने केला. चौकोन उघडला, बाही वर गेली, पाठ जागची हलली नाही. मास्तरांनी मान हलवली, फक्त एकदा.

कॉलर धरायला हात उरला नव्हता. सेठ पुढे आला, ब्रीफकेस खाली ठेवली आणि कॉलरची पट्टी गुरुदत्तच्या मानेभोवती स्वतः धरली. त्या जवळून त्याने खालची सुटी कड बघितली, धागे बोटांवर घेतले.

"ये ऐसाच ठेवणार?"

"हो," सरू म्हणाली.

"हो," भगवंतमास्तर पाठीमागून म्हणाले. गोजरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं.

"अच्छा है. डिझाईन किसका? नाव लिहावं लागतं. जर्मनीवाला आजकल नाव मागतो."

"हिचं," मास्तर म्हणाले.

"काकांचं," सरू त्याच वेळी म्हणाली. "बगल काकांची, सगळं सरळ करायचं काकांचं."

"मी चाळीस वर्षं सरळ फाडतोय, त्याचा शर्ट कधी झाला नाही. हिचं लिहा."

"आपस में ठरवा," सेठ म्हणाला. "मी रिकामी जागा ठेवतो." आणि गुरुदत्तला, ज्याच्या मानेवर त्याचे हात अजून होते, "तेरा नहीं है, इतना पक्का?"

"माझं नाही," गुरुदत्त म्हणाला. आणि मग त्यालाही हसू आवरलं नाही. सगळी पाठ, बाह्या, बगला एकदम निसटल्या आणि शर्ट त्याच्या पायाशी पडला.

*

सेठने तेरा तुकडे तसेच मागून घेतले, न शिवलेले. उद्या दुपारपर्यंत थांबायला त्याच्याकडे वेळ नव्हता. ते त्याने घडी करून ब्रीफकेसमध्ये ठेवले आणि तिकोनी चिंधी वर ठेवली. तिकडे मी टेबलावर मांडून दाखवीन, तो म्हणाला, आणि सांगेन की मशिनी देवाजवळ बसल्या होत्या. ऑर्डरबद्दल तो काही बोलला नाही.

दसऱ्याला दुपारी पाऊणला गोजरबाईंनी गाठी सोडल्या. वहीची गाठ त्यांनी शेवटी सोडली. त्या दिवशी तेरा तुकड्यांचा पहिला शर्ट तुळशीने शिवला आणि तो गुरुदत्तच्या मापाचा निघाला.

सतरा तारखेला लुल्लाच्या अंधेरीच्या ऑफिसात फोन केला तेव्हा सेठ अजून परदेशात आहेत, असं उत्तर मिळालं. अठराला सरूने बंगळूरला तार केली आणि आठ दिवसांची मुदत मागितली. एकोणीस तारखेला, बुधवारी, मास्तरांनी सुताराला बोलावलं. कटिंगच्या टेबलाच्या समोरच्या बाजूला, जिथे आजवर कुणी उभं राहत नसे, त्यांनी सहा इंच उंचीची लांब लाकडी पायरी ठोकून घेतली. गुरुदत्तने विचारलं, ही कुणासाठी. मास्तर म्हणाले, टेबल उंच आहे.

वीस ऑक्टोबरला संध्याकाळी साडेसहापर्यंत जर्मनीहून काही कळलेलं नव्हतं आणि बंगळूरहूनही नाही. सरू पायरीवर उभी होती. दुसऱ्या बाजूने मास्तर पातळ निळ्या कापडाचा चाळीसावा थर पसरत होते.